भागरताबाई, ढेप आणि पावडरीचा डबा

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी हे मला कधी नीट कळलं नाही. अक्षर पाहून रोशनी म्हणते, "आई, कागदावर कोंबडी चालून गेली का व?" ही वही तिचीच आहे. पुढच्या पानांवर तिच्या पळण्याच्या वेळा आहेत, मिनिटं आणि सेकंद. मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर मी लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. पण चुकून वाचलंच, तर चुका माझ्या समजाव्या, भागरताबाईच्या नाही. तिला तर सहीसुद्धा येत नव्हती.

भागरताबाई आमच्या शेजारची, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. ती गेली त्याला आता दुसरा उन्हाळा लागला.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाकडच्या धानाच्या पट्ट्यात. गावाला एक मोठा तलाव आहे आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एक बोडी, लहान तळंच. तलावात मच्छीमार सोसायटीची माणसं जाळं टाकतात. पण पावसाळ्यात आणलेलं माशाचं बीज एकदम तलावात सोडत नाहीत, मोठे मासे खाऊन टाकतात. ते आधी बोडीत वाढवतात. बोटाएवढं झालं की मग तलावात. ही बोडी भागरताबाई सांभाळायची. नवरा गेल्यावर त्याचं काम सोसायटीनं तिला दोन महिन्यांसाठी दिलं होतं. ती बावीस वर्षं करत राहिली. कोणी कधी काही विचारलं नाही, तिनंही नाही.

रोज सकाळी ती लुगडं खोचून बोडीत उतरायची आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घालून आपल्या तळव्याकडे पाहायची. तळवा स्पष्ट दिसला, तर पाण्यात माशाला खायला काही नाही, ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, टाकायची. तळवा दिसेनासा झाला, तर पाण्यातच खाणं आहे, त्या दिवशी ढेप नाही. पाळीवरून कोणी ओरडलं, "बाई, पाणी हिरवंगार हाय, काऊन एवढी वाकता?" तर ती मान वर न करता म्हणायची, "पाळीवरून पाणी हिरवंच दिसते."

हे तिचं नेहमीचं बोलणं होतं. कोणाच्या घरचं भांडण असो, सोयरीक असो, नवीन बैल असो, ती हेच म्हणायची. म्हणजे खाली उतर, हात घाल, मग सांग.

तिलाही हे आधीपासून येत नव्हतं. पहिल्या वर्षी तिला वाटलं, जास्त खाऊ घातलं तर बीज लवकर वाढेल आणि सोसायटीत आपलं नाव होईल. आठ दिवस आभाळ भरून होतं. तिनं रोज टोपलंभर ढेप टाकली. नवव्या दिवशी सकाळी सगळं बीज वर आलेलं, तोंडं उघडून हवा पीत होतं. दुपारपर्यंत अर्धी बोडी पांढरी झाली. गावातले लोक म्हणत होते, कोणी औषध टाकलं असेल, वरच्या टोल्यावरच्या, वरच्या वस्तीतल्या, पोरांचं काम असेल. संध्याकाळी सोसायटीची बैठक बसली, तेव्हा कोणी विचारायच्या आधी ही उभी राहिली. "पोराईले काई बोलू नका. म्या मारले. खाऊ घालू घालू मारले." एवढंच बोलून खाली बसली. हे मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. ते तेव्हा बैठकीत होते. ते म्हणायचे, त्या दिवसापासून बोडी तिच्याकडून काढून घ्यायची हिंमत कोणी केली नाही.

बोलायला ती कडक होती. गोड शब्द तिच्या तोंडून मी फार कमी ऐकले. मी पडले बुजरी. दारात पोस्टमन आला तरी मी आत जाते. म्हणून तिची मला भीतीच वाटायची, आणि तरी गरज पडली की पाय तिच्याकडेच वळायचे.

गरज पडली ती रोशनीच्या भरतीच्या वेळी. रोशनीला वनरक्षक व्हायचं होतं. पहिल्या भरतीत तिची धाव थोडक्यात हुकली. शेवटच्या फेरीत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. घरी आल्यावर तिच्या बाबांनी एवढंच म्हटलं, "आणखी एक भरती. नाई झालं तर उन्हाळ्यात सोयरीक पाहू." ते वाईट माणूस नाहीत. पण बोललेला शब्द ते फिरवत नाहीत, हे रोशनीला माहीत होतं.

ती मूलला एका सरांकडे शिकायला जायची. तिथे साठेक पोरं-पोरी येत. सरांनी तिला सांगितलं, "तुझ्या अंगात ताकद नाही, प्रोटीन पावडर सुरू कर." डबा तीन हजारांचा होता. राइस मिलमध्ये मी झाडायला आणि पोती शिवायला जात होते. एका डब्यात माझी कितीतरी दिवसांची मजुरी जात होती. रोशनी हट्ट करणारी पोरगी नाही. तिनं एकदाच सांगितलं, मग बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच मला राहवलं नाही.

मी भागरताबाईकडे गेले. तीन हजार मागितले.

"काऊन पायजेत?"

पावडर म्हणायला माझी जीभ वळेना. खायची वस्तू, तीही एवढ्या पैशाची, असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "रोशनीच्या बुटासाठी."

तिनं पेटीतून पैसे काढले, दोनदा मोजले आणि खुंटीवरून जाळ्याची एक दोरी ओढली. तिच्यावर बसल्या बसल्या तीस गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे शंभर. "जसे जमतील तसे देजो. मी गाठ सोडत जाईन. मागाले येणार नाई." दोरी परत खुंटीला गेली.

डबा आला. एवढा मोठा, काळा, वर सोनेरी अक्षरं. आम्ही तो देवाच्या फळीवर ठेवला. आतला चमचा पाहून मला धडकीच भरली. असा भरभरून घातला तर डबा महिनाभरात संपणार. म्हणून मी अर्धा चमचा घालायला लागले. तेलाचं, साखरेचं आम्ही असंच करतो, पुरवतो. दुसरी गोष्ट अशी की आमच्या घरात एकट्यानं खायची रीत नाही. रोशनी दुधात पावडर घोळायला बसली की मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवरून म्हणायचे, "मले बी दे व थोडं, गुडघे दुखून राह्यले." मग यांनाही घोटभर. पेला फिरून तिच्याकडे यायचा तेव्हा तळाला फेस उरलेला असे. मला हे दिसत होतं. पण मामाजींना नाही कसं म्हणायचं? आणि सरांनी भात कमी कर म्हणून सांगितलं होतं, म्हणून तिनं भातही कमी केला. महिना गेला. वहीतल्या वेळा कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. त्या पानावर तिनं एका आकड्याखाली इतक्या जोरानं रेघ मारली आहे की कागद फाटला.

रोशनी सकाळी तलावाच्या पाळीवरच पळायची आणि भागरताबाई खाली बोडीत असायची. तिनं महिनाभर पाहिलं. मग एक दिवस विहिरीवर, पाचसहा बायांसमोर, मला विचारलं, "इंदू, पोट्टीचे बूट कुठी हायेत?"

मी घागर भरायला वाकले.

"जुनेच घालून धावून राह्यली थे. अंगठा भायेर निंगला. तीन हजाराचे बूट तू का पेटीत ठेवले, का नवऱ्याले घातले?"

बाया हसल्या. मी घागर तशीच टाकून घरी आले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आठ दिवस मी तिच्या दारावरून गेले नाही, मागच्या गल्लीनं मिलला गेले. आजही वाटतं, ती मला बाजूला घेऊन विचारू शकली असती. तिच्यात तेवढं नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती सुपात झिंगे घेऊन आमच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "माह्या घरी अंधार हाय. इथी निवडते." तिच्या घरी आमच्यापेक्षा मोठा बल्ब होता. रोशनीनं तिला डबा दाखवला, सगळं सांगून टाकलं. मी चुलीतली लाकडं सारत राहिले. तिनं डबा हलवून पाहिला, नाकाशी नेला आणि विचारलं, "कोण कोण पेते?"

रोशनीनं सांगितलं. भागरताबाईनं मामाजींकडे पाहिलं. "भाऊ, तुमी बी भरतीले उभे राह्यता का?"

मामाजींनाच इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

मला वाटलं, आता ती म्हणेल, फेका हा डबा. पण तिनं डबा परत फळीवर ठेवला. आमची जेवणं होईपर्यंत बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तेच सूप, तेच झिंगे. तिसऱ्या दिवशीही. निवडलेले झिंगे ती पुन्हा निवडत होती आणि आमच्या ताटांकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी सूप खाली ठेवलं.

"इंदू, तुह्या घरी मासोळी शिजते. पोट्टीच्या ताटात रस्सा जाते."

खरंच होतं. आधी मामाजी आणि हे जेवायचे. तुकडे त्यांना. मग उरलेल्यात मी आणि रोशनी. रोशनी रश्शाच्या गंजात, पातेल्यात, डोकावून पाहायची आणि म्हणायची, भूक नाही. ती खोटं बोलत होती हे मला कळत होतं, कारण मीही तिच्या वयात तेच बोलत होते.

मामाजी जरा रागावले. "आमी का मना केलं तिले?"

"कोणी मना करत नाई भाऊ," ती म्हणाली. "कोणी देत बी नाई."

 मग ती उठता उठता म्हणाली, "पावडर चांगली का वाईट, मले का समजते? पण पाणी न पाहता ढेप टाकून राह्यल्या तुमी. म्या एकदा टाकली, माईत हाय ना?"

दुसऱ्या दिवशी ती मिलमधून मला अर्धी मजुरी सोडायला लावून रोशनीसोबत मूलला घेऊन गेली. आधी सरांकडे. मी दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिले. सरांनी तिला खुर्ची दिली.

"सर, हे पावडर तुमी सांगतली पोट्टीले?"

"हो मावशी. मी सगळ्यांनाच सांगतो."

"सगळ्याईलेच?"

"हो."

"मंग पाह्यलं कोणाले?"

 सर माणूस चांगला. रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, साठ पोरं हायेत, एकेकाचं कुठं पाहत बसू? तुमी हिचं रक्त तपासून घ्या, मले बी सांगा." नंतर रोशनी सांगत होती, पुढच्या तुकडीला त्यांनी पहिल्याच दिवशी रक्त तपासून यायला लावलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोशनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, बोटातून रक्त घेतलं आणि कागद पाहून म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, धावताना अंधारी येणारच. लोहाच्या गोळ्या दिल्या. डब्याचं मी विचारू शकले नाही, भागरताबाईनं विचारलं. बाई म्हणाल्या, "पावडर वाईट नाही. पण ती जेवणाच्या जागी नाही घ्यायची. आधी रक्त भरू द्या, पोटभर जेवू द्या. डाळ, अंडी, मासे मिळतात ना? मग दोन महिन्यांनी दाखवा, लागली तर ठरवू."

मी निघायला लागले, तर भागरताबाईनं मला दंडाला धरून पुढे ढकललं. "आन हे तिची माय. हिचं बी पाहा." माझं रक्त रोशनीपेक्षाही कमी निघालं.  परतल्यावर बसमधून उतरताना भागरताबाई म्हणाली, "लेकीच्या पाण्यात हात घालाले सांगतलं, तर मायची बोडी कोरडी निंगली."

डबा फळीवरून उतरला. मी घट्ट बंद करून तांदळाच्या पिंपात ठेवला. रोशनी संध्याकाळी मामाजींबरोबर पाटावर बसायला लागली. पहिले दोन दिवस सगळ्यांना अवघड गेलं. भागरताबाई एक दिवसाआड लहान मासोळी नाहीतर झिंगे आणून द्यायची, "पैसे नको, जाळ्यात आलेली कचरा मासोळी हाय," असं म्हणून. ती कचरा नव्हती. वांग्यात झिंगे, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, भिजवलेले चणे, आठवड्यातून दोनदा अंडी. गावात येणाऱ्या नर्सनं सांगितलं, गोळी चहाबरोबर नाही घ्यायची. हे मात्र भागरताबाईला पटलं नाही. तिचा चहावर फार जीव. दोन दिवस ती नर्सवर फुगून होती, मग स्वतःच रोशनीच्या हातातला कप काढून घ्यायला लागली आणि तो आपण प्यायला लागली. एकदा जेवताना यांनी आपल्या ताटातला एक तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला आणि दाराबाहेर पाहू लागले. मी तो तुकडा खाल्ला.

वहीत त्या दिवसांची पानं पाहिली की कळतं. आकडे हळूहळू खाली येतात. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पावडर लागत नाही, असंच चालू द्या. भरतीच्या दिवशी चंद्रपूरला मैदानाबाहेर झाडाखाली मी डोळे मिटून बसले होते. भागरताबाई कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी. "उठ व, पाह्य. पाह्याले पैसे पडत नाई." मी उठले तेव्हा रोशनी रेघ ओलांडून पुढे गेली होती आणि वाकून नाही, सरळ उभी होती. धाव वेळेत निघाली. लेखी परीक्षेत तिचं नाव यादीत लागलं नाही, थोडं खाली राहिलं. पण तिच्या बाबांनी त्या उन्हाळ्यात सोयरीक काढली नाही. आता ती मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या गेटवर, पर्यटकांच्या गाडीवर गाईड आहे आणि पुढच्या भरतीचा अभ्यास करते. पावडर प्यायची की नाही, हे गेटवरच्या पोरी आता तिला विचारतात. ती त्यांना विचारते, "घरी शेवटी कोण जेवते?"

त्यानंतरच्या फाल्गुनात भागरताबाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, चंद्रपूरला. घरी आली तेव्हा तिची कातडी हाडावर टांगल्यासारखी होती. जेवण जाईना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, काही आठवडे दुधातून प्रोटीन पावडर घ्या. मी भेटायला गेले तर तिनं पहिलं वाक्य म्हटलं, "तुह्या पिंपात थो डबा हाय ना अजून?"

मी घेऊन गेले. नर्सनं तारीख पाहिली, पावडर कोरडी आहे, वास आला नाही हे पाहिलं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "बाई, तुमी तर याच्या विरोधात होत्या."

"कवा? मी कवा म्हटलं वाईट हाय?" तिचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "पोट्टीच्या पाण्यात खाणं होतं, तिच्या तोंडापर्यंत जात नव्हतं. माह्या पाण्यात आता काईच नाई. मले ढेप लागते."

मी सवयीनं अर्धा चमचा घातला. तिनं डोळे वटारले. "पुरा टाक. कोणाले फसवून राह्यली?"

दूध पिऊन झाल्यावर तिनं खुंटीवरची दोरी मागितली. मी तोवर सोळा गाठी सोडवल्या होत्या, चौदा उरल्या होत्या. ती बोटांनी गाठी सोडायला लागली. "अर्धा डबा, अर्धे पैसे. पंधरा गाठी."

"बाई, चौदाच हायेत!"

 तिनं उशीखालून शंभराची नोट काढून माझ्यापुढे धरली. "मंग मीच तुले शंभर लागते."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी भांडले. उघडलेला डबा, तीन जणांनी चाखलेला, त्याचे पैसे कसले? ती म्हणाली, माल माल आहे. मी म्हटलं, मग तुमच्या मासोळीचे पैसे लावा. त्याचा हिशेब तर तिनं ठेवलाच नव्हता. शेवटी दहा गाठींवर आम्ही थांबलो. चार उरल्या. त्या चार मला सोडवू द्या, म्हणून मी हात जोडले, तेव्हा तिनं दोरी खुंटीला लावू दिली.

ती थोडी सावरली. बोडीपर्यंत यायला लागली, पण वाकता येत नव्हतं. मग रोशनी सुट्टीला आली की बोडीत उतरायची आणि ती काठावरच्या दगडावर बसून विचारायची.

"कोपर बुडला का?"

"बुडला."

"दिसते का तळवा?"

"नाई दिसत, बाई."

"मंग काऊन ढेपीकडे पाहून राह्यली? ये वर."

मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते ज्येष्ठातल्या एका सकाळी, तिथेच. पाऊस अजून यायचा होता. मिलची आठवड्याची मजुरी मिळाली होती आणि माझ्या हातात शेवटची शंभराची नोट होती. रोशनी हात घालून पाणी पाहून वर गेली होती आणि बाई दगडावर बसली होती, बाजूला ढेपीचं अर्धं पोतं, आणि दोरी तिनं आपल्याबरोबर आणली होती. मी येणार हे तिला कसं कळलं, कोण जाणे. नोट तिनं उलटी-सुलटी करून पाहिली आणि कनवटीला लावली. मग शेवटची गाठ सोडायला घेतली. ती फार घट्ट बसली होती. नखं लावली, सुटेना. मी हात पुढे केला तर माझा हात तिनं बाजूला सारला, दोरी तोंडात घातली, दोनच दात उरले होते त्यांत धरली आणि मान हलवून ओढली. गाठ सुटली.

"फिटले," ती म्हणाली.

दोरी तिनं मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केली. मग ढेपीच्या पोत्याचं तोंड गोळा केलं आणि त्या दोरीनं घट्ट बांधून टाकलं. पाण्यात खाणं होतं. त्या दिवशी ढेप टाकायची नव्हती.